‘छाटणी’वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

‘छाटणी’ या कथामालिकेच्या अकराव्या भागाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोनतीनदा वाचली. चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातले, निवृत्त शिक्षक, घरची द्राक्षबाग आहे. त्यांचं म्हणणं असं: कथेतला संदीप भित्रा आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं २०१८ ला, मग आता एवढा लपंडाव कशाला? प्रेमकथा म्हणावी तर अकरा भागांत संदीप आणि मिलिंद हे दोघे एकमेकांचा हातसुद्धा धरत नाहीत. असले प्रकार मुंबई-पुण्याला, आमच्याकडे नाहीत. ज्या मुलीशी संदीपचं लग्न ठरतं तिला मी दोन परिच्छेदांत उरकलं. आणि सहाव्या भागात निफाडच्या बागेत दसऱ्याला द्राक्षतोडणी चालू आहे, हे तर साफ चूक.

तोडणीचं आधी. चूक माझीच. ऑक्टोबरात तुमच्याकडे गोडी बहार छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, चालते, माल निघायला जानेवारी उलटतो. सटाण्याकडच्या आगाप, म्हणजे लवकर माल देणाऱ्या बागा माझ्या डोक्यात होत्या, त्या मी निफाडला आणून बसवल्या. तो प्रसंग काल दुरुस्त केला.

आता कायद्याचं. संदीपचा जन्म मी १९९१ चा धरला आहे. तो बारावी झाला त्या वर्षी, २००९ च्या जुलैत, दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ बाजूला केलं. तो बावीस वर्षांचा असताना, ११ डिसेंबर २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणलं. सत्ताविसाव्या वर्षी, ६ सप्टेंबर २०१८ ला, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते पुन्हा काढलं. एका माणसाच्या तरुणपणात इतक्या वेळा ‘तू गुन्हेगार नाहीस’, ‘आहेस’, ‘नाहीस’ असं झालं. एवढ्यावर त्याने निर्धास्त व्हावं अशी अपेक्षा मला करवत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे संदीप आणि मिलिंद आज एका घरात राहिले तर पोलीस येणार नाहीत, पण त्यांच्या नात्याला कागदावर नावही नाही.

पण सर, संदीपला पोलिसांची भीती नाहीच. त्याच्या बागेला पाणी येतं ते चुलत्याच्या विहिरीवरून टाकलेल्या पाइपलाइनीने. ट्रॅक्टर न्यायची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. पीककर्ज सोसायटीचं, आणि सोसायटीत मामा. सातबाऱ्यावर अजून वडिलांचं नाव आहे, आणि नवव्या भागात वहिनी जेवण वाढता वाढता म्हणून जाते, ‘भाऊजी, तुम्हाला एकट्याला काय करायचाय हिस्सा?’ तुम्ही शेतकरी आहात, यातला एक धागा तुटला की हंगामाचं काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. मुंबईतला मुलगा घर सोडून भाड्याने खोली घेऊ शकतो. बाग कशी उचलून न्यायची? सुप्रीम कोर्टाचा निकाल शेतरस्त्याच्या वादात कुणी वाचून दाखवत नाही.

नाशिकला मी ‘गाव’ म्हटलं तेही तुम्हाला खटकलं. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, हे खरं. तरी सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, दहा मिनिटं उभं राहून बघा, ‘तू अमक्याचा ना?’ विचारणारा माणूस भेटतोच. मिलिंद सिडकोत राहतो, अंबडला कामाला जातो, आणि संदीपला भेटायला शहरातली एकही जागा त्याला सुरक्षित वाटत नाही, ते यामुळेच.

हात धरण्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तुम्ही पाचवा भाग घाईत वाचलात. तिथे डिपिंग, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवणं, चालू आहे. मजूर बाया आलेल्या नाहीत, मणी फुगवणाऱ्या जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) द्रावण कालवून ठेवलंय, आणि मिलिंद सुट्टी टाकून आलाय. एकाच ओळीच्या दोन बाजूंना दोघे, हातात एकेक मग, मांडवाखाली मान वाकवून. घड मगात बुडवायचा, काढायचा, हलकेच झटकायचा, पुढे सरकायचं. मिलिंदला सवय नाही, तो घड पिळल्यासारखा धरतो. संदीप पानांमधून हात घालून त्याच्या मनगटाखाली आपली बोटं ठेवतो आणि दाखवतो, असं, लहान बाळाचं डोकं धरतात तसं. मग तो हात काढून घेत नाही. तीन घड होईपर्यंत. तिसऱ्या घडाला बांधावरून मोटरसायकलचा आवाज येतो. हा प्रसंग लिहायला मला महिना लागला, सर. माझ्या दृष्टीने अख्ख्या कथेतलं प्रेम तिथे आहे.

आणि आठव्या भागातली रहाड? तुम्ही नाशिककर, तुम्हाला रंगपंचमी ठाऊक आहे. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेली, वरून गाड्या जाणारी ती दगडी टाकी एका दिवसापुरती उघडते, तिवंधा चौकात रंगाचं पाणी उसळतं आणि पोरं त्यात धप्पे, म्हणजे उड्या, मारतात. त्या दिवशी कोण कुणाच्या गळ्यात पडलं हे कुणी मोजत नाही. दोघे एकमेकांना घट्ट धरून उडी मारतात, हजार माणसांच्या देखत. वर्षातला तो एकच दिवस त्यांना मिळतो, म्हणून संदीप निफाडहून सकाळी साडेसातची एसटी पकडतो.

‘आमच्याकडे नाहीत’ या वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. माझ्या शाळेत एक मुलगा होता, चालण्याबोलण्यात मऊ. एक शिक्षक त्याला हजेरी घेताना ‘बायल्या’ म्हणायचे आणि वर्ग हसायचा. मीही हसले आहे. दहावीनंतर तो दिसला नाही. तुमच्या इतक्या वर्षांच्या वर्गांत हा शब्द कधीच ऐकू आला नाही असं तुम्ही म्हणालात तर मी मान्य करीन, पण तुम्ही तसं म्हणाल असं मला वाटत नाही. आणि हा विषय मराठीत आजचाही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, आणि त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी पत्र लिहून हे विचारत होतं. आपल्या वेळी पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीतून या विषयावर सातत्याने लिहिलं. बोलणारे पुण्या-मुंबईत दिसतात. माणसं सगळीकडे असतात.

आता त्या मुलीचं. इथे तुमचं बरोबर आहे, आणि मला लागलंही, कारण ती मुलगी मी आहे.

जानेवारी २०१४. मामाने आणलेलं स्थळ. मुलगा शेतीवाला पण शिकलेला, आमच्याकडे कांदेपोहे झाले, दोन्हीकडून पसंती. दुसऱ्या भेटीला आम्हा दोघांनाच नाशिकजवळच्या सोमेश्वरला पाठवलं. त्याने शेंगदाण्याची पुडी घेतली, शेंगदाणे मला दिले आणि कागद स्वतःकडे ठेवला. तो कागद त्याने मांडीवर सपाट केला, चौपदरी घडी घातली, मग आणखी बारीक, मग उलगडून पुन्हा सपाट. मग खाली बघतच म्हणाला, ‘तुमच्यात काही कमी नाही. मला मुलींबद्दल तसं वाटतच नाही. कधीच वाटलं नाही.’ मला आधी राग आला. मग आमच्या घरी पोहे कशाला खाल्लेत, असं मी म्हणाले. तो म्हणाला, ‘आईने तीन दिवस नारायण नागबळीच्या पूजेला बसवून आणलं मला त्र्यंबकला. आता नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नाही. तुम्ही नाही म्हणाल का?’

सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुन्हा गुन्हेगार ठरवून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. मी पोलिसांत जाईन, गावात सांगेन, यातलं काहीही होऊ शकत होतं. तरी त्याने सांगितलं. म्हणून ‘भित्रा’ हा शब्द मला सोसत नाही.

मी घरी नाही म्हणाले. कारण विचारलं तेव्हा ‘नाही आवडला’ एवढंच. मामा दोन महिने बोलला नाही, मामी चारचौघांत म्हणाली, ‘हिला काय राजपुत्र हवाय?’ माझ्या वडिलांना ते ऐकावं लागलं, हे मला आजही बोचतं. पुढे कळलं की माझ्यानंतर आणखी तिघींना त्याने असंच खरं सांगितलं. चौघींनी त्याच्या वतीने नकार दिला आणि चौघींपैकी एकीनेही तोंड उघडलं नाही. गावात एवढंच म्हणतात की त्याचं जमत नाही, पत्रिकेत काहीतरी आहे.

हे तपशील त्याला विचारून, थोडे बदलून लिहिते आहे. कथेतल्या पूजाला मी दोन परिच्छेदांत उरकलं कारण तिच्याजवळ गेले की माझा तोल जायचा. तिच्या बापाचा चेहरा लिहायचा म्हणजे माझ्या वडिलांचा लिहायचा. तुम्ही बोट ठेवलंत ते अगदी तिथे ठेवलंत. बारावा भाग आता तिचा असेल. संदीप तिला सांगतो की नाही, हे मी पूर्वी वेगळं ठरवलं होतं. सध्या ते पुन्हा लिहिते आहे.

तेराव्या भागात अवकाळी पाऊस आहे. डावणी हा बुरशीचा रोग दिसतो, आणि रात्रीतून ब्लोअर काढून फवारणी करायची ठरते. दोघेच बागेत. औषध कोणतं, ओल्या मातीत ट्रॅक्टर रुततो का, बॅटरी कोण धरतो, हे मला नीट यायला हवं. मजकूर टाकण्याआधी तुम्हाला पाठवू का? तोडणीसारखी चूक पुन्हा नको, आणि तुमच्याइतकं बारीक वाचणारं मला दुसरं कुणी नाही.