रीडिंग पाहू नका, नुसतं लिहा

राजेहो, कम्युनिटी रेडिओवर नवीनच लागले असाल तर मुलाखती, गाणी, कापसाचे भाव हे सगळं सावकाश शिका, आधी लॉगबुक (ट्रान्समीटरच्या रीडिंगची वही) लिहायला शिका. म्हणजे महिन्याच्या 30 तारखेला, एका बैठकीत, चहा सांगून.

दर दोन तासांनी उठून ट्रान्समीटरपाशी जा, फॉरवर्ड पॉवर (अँटेनाकडे जाणारी) पाहा, रिफ्लेक्टेड (तिथून परत येणारी) पाहा, व्होल्टेज, टेंपरेचर पाहा असं कोणी सांगेल, त्याच्या नादी लागू नका. मशीन 50 वॉटचं आहे ना, मग लिहा 50, रिफ्लेक्टेड शून्य, टेंपरेचर 38. मे महिन्यात बाहेर 46 असो, कूलरचं पाणी संपलेलं असो, आत 38च, आपलं मशीन काही वावरात जात नाही. खाली डिट्टो मारा. पेन मात्र मधूनमधून बदला, नाहीतर तपासणीवाल्याला शंका येते, अन् रजेवरच्या माणसाची सही जरा वाकडी करा.

लाइन गेली हे तर लिहायचंच नाही. वादळात फिडर गेला की आपल्याकडे कधी येईल ते महावितरणलाही ठाऊक नसतं, पण वहीत 50 वॉट. पोळ्याच्या आठवड्यात आमचं मशीन जळून चार दिवस नागपूरला दुरुस्तीला होतं, टेबलावर नुसता धुळीचा चौकोन, तरी वहीत 50 वॉट अन् रिफ्लेक्टेड शून्य! (कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग तीन महिने सांभाळायचा नियम आहे, त्यात ते चार दिवस कोरे सापडतात, तेव्हा हार्ड डिस्क वेळेवर खराब होईल एवढं पाहा.)

दुरुस्तीवाल्यानं विचारलं, रिफ्लेक्टेड कधीपासून वाढत होतं? काय सांगणार. अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की पॉवर बाहेर जायची सोडून केबलमधून मागं फिरते, 50 मधले 2 वॉट परत आले की एसडब्ल्यूआर (पॉवर किती परत फिरते त्याचं माप) दीड, आणखी वाढलं की मशीन स्वतःच पॉवर उतरवते नाहीतर जळते. अर्धा, एक, दोन असा चढता आकडा वहीत असता तर पोरगं टॉवरवर चढून, कनेक्टर पुसून, टेप मारून खाली आलं असतं. पण त्यासाठी शून्यांचा एवढा देखणा रकाना खराब करायचा?

तो आमच्या चौकीदार बाबांनी केलाच. शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलनं: "रात्री 8.40. पाऊस लय. टावरच्या वरच्या जोडावरचा टेप सुटून लटकून ऱ्हायला." दुरुस्तीवाल्यानं सगळ्या वहीतली तेवढीच ओळ वाचली अन् थेट टॉवरकडे गेला.

तुमच्याकडे असं पान निघालं तर फाडून टाका, अन् बाबांना सांगा, वही सरकारी आहे, तिला हात लावायचा नाही.