बुक्का हातावर ठेवला

आज सकाळी आमच्या दहावीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून एक जण बाहेर पडला. भांडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. 'लेफ्ट' एवढं दिसलं आणि संपलं. नांदेडला पहिलीपासून एका बाकावर बसलेला मित्र आहे तो. शीख आहे.

काल रात्री एकाने टाकलं, 'शीख हा वेगळा धर्म नाहीच, हिंदूंचाच एक पंथ. राज्यघटनेचं कलम २५ वाचा.' खाली धडाधड अंगठे. दुसऱ्याने लिहिलं, 'आपलेच आहेत हो ते, आपली तलवार!' मित्राने एकच ओळ टाकली, 'आम्ही कोण ते आम्हाला सांगू द्या की रे.' त्यावर जे आलं ते मी इथे लिहिणार नाही. मी ते सगळं वाचलं आणि फोन बाजूला ठेवून झोपलो. सकाळपासून त्या लिहिणाऱ्यांइतकाच राग मला स्वतःचा येतोय.

मला राहून राहून आजी आठवतेय.

आमचं जुनं घर गुरुद्वाऱ्यापासून पायी दहा मिनिटांवर. आजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकवली नाही, आषाढीला पंढरपूर ठरलेलं. मित्राची आजी शेजारच्याच गल्लीत. तिला आम्ही सगळे दादी म्हणायचो. त्यांच्या कैक पिढ्या नांदेडच्या, मराठी आमच्यासारखीच, 'काय करायलास रे' म्हणणारी. आजी पंढरपूरहून आली की दादी प्रसादाला यायची. ओट्यावर बसायची. आजी चुरमुरे द्यायची, साखरफुटाणे द्यायची आणि मग बुक्क्याची पुडी सोडायची.

एका वर्षीचं मला अगदी डोळ्यासमोर आहे. आजीने बोट बुक्क्यात बुडवून दादीच्या कपाळाकडे नेलं. दादीने मान जराशी मागे घेतली आणि उजवा तळवा पुढे केला. आजीचं बोट हवेत थांबलं, एक क्षणभर. मग तिने चिमूटभर बुक्का दादीच्या तळव्यावर ठेवला. दादीने तो ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि दोघी पुन्हा पावसापाण्याचं बोलायला लागल्या. दादी गेल्यावर मी विचारलं, तिने लावला का नाही? आजी म्हणाली, "त्यांच्यात लावत नाहीत लेकरा. पण तिनं टाकला का? बांधून नेला की."

एवढंच. या एवढ्यात सगळं आलं, आणि आपल्याला एवढंही जमेना.

आता त्या कलम २५ बद्दल. हो, त्याच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात 'हिंदू' शब्दात शीख, जैन, बौद्ध धरावेत असं आहे. आहे, मान्य. पण ते कशापुरतं? मंदिरं सर्वांना खुली करणं आणि समाजसुधारणेचे कायदे, त्या पोटकलमापुरतं. आणि त्याच्या बरोबर वर पहिलं स्पष्टीकरण आहे, कृपाण बाळगणं हा शीख धर्माच्या पालनाचा भाग मानला जाईल असं. 'शीख धर्म' हे शब्द घटनेनेच वापरलेत. अंगठे देणाऱ्यांतल्या एकाने तरी वरच्या दोन ओळी वाचल्या का?

आणि तलवार? गुरू नानकांनी लहानपणी जानवं घालायला नकार दिला, ही गोष्ट शिखांच्या घरी पोराबाळांना पाठ असते. त्यांच्याच गादीवरचे नववे गुरू, तेगबहादूर, १६७५ मध्ये दिल्लीत चांदणी चौकात शीर देऊन बसले. काश्मीरचे पंडित त्यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले होते, जानवं आणि टिळा वाचवा म्हणून. स्वतःच्या पंथाने जे नाकारलं, ते दुसऱ्याच्या अंगावर राहावं म्हणून त्यांनी जीव दिला. ते आपलेच होते म्हणून आपल्यासाठी मेले, असं म्हटलं की त्या बलिदानाची निम्मी किंमत गेली. दुसऱ्याचं होतं, तरी दिलं. यापुढे डोकं टेकवायचं की मालकी सांगायची?

'आपलेच' म्हणता ना? नोव्हेंबर १९८४ मध्ये, दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हा, आम्ही पाचवीत होतो. मित्राचे काका दिल्लीला ट्रकच्या धंद्यात होते. महिनाभराने नांदेडला आले तेव्हा दाढी नव्हती, केस कापलेले, डोक्याला रुमाल. जीव वाचवायला स्वतःच्या हाताने कापले होते. दादी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि रडत नव्हती, नुसती हात फिरवत होती. माझी आजी दारात उभी होती, तिला आत जावं की नको कळेना. तेव्हा दिल्लीत कोणी 'आपलेच आहेत हो' म्हणून आडवं आलं नाही असं नाही, काही शेजाऱ्यांनी लपवलं, वाचवलं. पण जाळणारे जास्त होते. हे ज्याच्या घरात झालंय त्याला रात्री अकरा वाजता कलम शिकवायचं?

लिहिता लिहिता आवाज चढला माझा. थोडं थांबतो.

गुरुद्वाऱ्याचं सांगतो. दादी आजीला कधीकधी सोबत न्यायची. आजी डोक्यावर पदर घेऊन मागे बसायची, मी मांडीला मांडी लावून. कडाह प्रसादाला ती आधी शिरा म्हणायची, दादीने दोनतीनदा सुधारलं, मग म्हणायची नाही. एकदा रागी, म्हणजे गुरुद्वाऱ्यातले कीर्तनकार, गात होते आणि आजीने माझा दंड असा दाबला की दुखला. "ऐक, ऐक." शब्द होते, 'आनीले कुंभ भराईले ऊदक'. आणिले, भराविले! पंजाबी कीर्तनात मराठी. पुढे 'बीठलु' आला आणि आजीचे हात आपोआप जोडले गेले. दादी कानात म्हणाली, "भगत नामदेव."

नरसीचे नामदेव. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पंजाबात घुमानला त्यांचं ठाणं, तिथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा आपल्याकडच्या कित्येकांना हे पहिल्यांदा कळलं. आजीला त्या दिवशी, गुरुद्वाऱ्यात बसून कळलं.

त्या पदाचा अर्थ मी पुष्कळ वर्षांनी नीट वाचला. देवाला अंघोळ घालावी म्हणून घागर भरून आणली, तर पाण्यात लाखो जीव आधीच होते, विठ्ठल आधीच तिथे होता, आता मी काय करू? फुलं आणली तर भुंग्याने वास घेतलेला. दूध आणलं तर वासराने उष्टं केलेलं. इकडे बीठलु, तिकडे बीठलु. पूजेलाच प्रश्न विचारणारं पद आहे हे. आणि नांदेडच्या तख्तावर, म्हणजे शिखांच्या पाच मोठ्या पीठांपैकी एक असलेल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात, आजही रोज पहाटे गोदावरीतून घागर भरून आणतात, मिरवत, आदराने. संध्याकाळी दिवे लावून आरती होते, जी पंजाबातल्या बहुतेक गुरुद्वाऱ्यांत अशी होत नाही. घागर आणणारेही तेच आणि घागरीला प्रश्न विचारणारं पद गाणारेही तेच. कोणाला त्यात अडचण वाटली नाही.

आता वाटायला लागलीय, आणि दुसऱ्या बाजूनेही. गेल्या वर्षी दर्शनाला आलेला एक तरुण आरतीकडे बघून मोठ्याने म्हणाला की हे हिंदूंचं घुसलेलं आहे, काढून टाकायला हवं. त्याचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. शीख रहत मर्यादेत, म्हणजे त्यांच्या आचारसंहितेत, दिवे ओवाळून आरती करायला मनाई आहे, आणि महंतांच्या ताब्यातून गुरुद्वारे सोडवायला त्यांच्या माणसांनी रक्त सांडलंय. वेगळेपण त्यांना फुकट मिळालेलं नाही. पण म्हणून दादीच्या पिढ्यांनी ज्या आरतीत हात जोडले ती घुसलेली? माझ्या मित्राने त्याला फक्त एवढं सांगितलं, "इथली मर्यादा इथली आहे, बसून ऐका."

उल्हासनगरच्या सिंधी घरांत बघा, झुलेलालही असतो आणि गुरू ग्रंथसाहिबही. त्यांना विचारा 'तुम्ही नक्की कोण', तर बिचारे काय सांगणार? त्यांनी कधी निवडायचं मानलंच नाही.

आजी गेली तेव्हा दादी आली होती. तेराव्याला सुनेबरोबर आली, आणि जाताना माझ्या आईला म्हणाली, तिची माळ कुठेय? आईने दाखवली. दादीने हातात घेतली, कपाळाला टेकवली, परत दिली. गळ्यात घातली नाही. मागितलीही नाही.

आज संध्याकाळी मित्राच्या दुकानावर जाऊन आलो. त्याने चहा मागवला. ग्रुपचा विषय त्याने काढला नाही, मलाच काढावा लागला. म्हणालो, काल मी गप्प बसलो, चुकलं. तो काउंटरवरचा हिशेब बघत होता, मान वर न करता म्हणाला, "सोड." बराच वेळ दोघं काही बोललो नाही. निघताना म्हणाला, "दसऱ्याला गुरुद्वाऱ्याच्या हल्ल्याच्या मिरवणुकीला येणार ना? पोरांना घेऊन ये, लवकर ये, नंतर गर्दीत उभं राहायला जागा राहत नाही."

येतो म्हणालो. ग्रुपमध्ये परत ये असं मी त्याला म्हटलं नाही. मीही तासाभरापूर्वी बाहेर पडलो.