‘गोरे गेले आणि शेती मेली’: झिम्बाब्वेवरच्या एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

मोबाइलवर फिरणारा मजकूर साधारण असा आहे: ‘झिम्बाब्वे म्हणजे आफ्रिकेचं धान्याचं कोठार. २००० साली मुगाबेला अचानक हुक्की आली. त्याने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि गोऱ्यांच्या शेतजमिनी आपल्या चमच्यांना फुकट वाटल्या. त्यांना शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. शेती कायमची मेली. आता हातापाया पडून गोऱ्यांना भरपाई दिली. दक्षिण आफ्रिका त्याच वाटेवर आहे आणि आपला कुळकायदा हा त्याचाच थोरला भाऊ.’

गोऱ्या शेतकऱ्यांवर अन्याय झाला, मारहाण झाली, काहींचे जीव गेले, उत्पादन कोसळलं. हे सगळं खरं आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपून जातं. एकेक विधान घेऊ.

‘अचानक हुक्की आली’

१९३० च्या लँड अपोर्शनमेंट अ‍ॅक्टने तेव्हाच्या ऱ्होडेशियातली, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतली, निम्म्याच्या आसपास जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवली. तीही पावसाची, काळ्या-तांबड्या भारी मातीची, रेल्वेच्या कडेची. १९८० मध्ये स्वातंत्र्य आलं तेव्हा सुमारे ६,००० गोऱ्या व्यापारी (म्हणजे बाजारासाठी मोठी शेती करणाऱ्या) शेतकऱ्यांकडे १.५५ कोटी हेक्टर, म्हणजे देशाची जवळपास ४० टक्के जमीन होती. स्वातंत्र्याच्या अटी ठरवणाऱ्या १९७९ च्या लँकेस्टर हाउस करारात अट अशी होती की दहा वर्षं जमीन खुशीच्या विक्रेत्याकडूनच, बाजारभावाने घ्यायची. सरकारने १९८२ मध्ये १,६२,००० कुटुंबं वसवण्याचं लक्ष्य ठेवलं. नव्वदीचं दशक संपता संपता जेमतेम ७१,००० वसली होती. नोव्हेंबर १९९७ हा महिना नीट पाहावा. जमीन खरेदीचा खर्च उचलण्याची आपली काही खास जबाबदारी नाही, असं ब्रिटनच्या मंत्री क्लेअर शॉर्ट यांनी पत्राने कळवलं. राष्ट्राध्यक्ष मुगाबेंच्या सरकारने १,४७१ शेतांची संपादनाची यादी काढली. स्वातंत्र्ययुद्धातल्या माजी लढवय्यांना प्रत्येकी ५०,००० झिम्बाब्वे डॉलर द्यायचं ठरलं, पैसे मात्र तिजोरीत नव्हते, आणि १४ तारखेला चलन कोसळलं. १९९८ मध्ये मारोंडेराजवळच्या स्वोस्वे भागातले गावकरी शेतांत जाऊन बसले होते. म्हणजे ठिणगी २००० ची, पण गवत वीस वर्षं वाळत होतं.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण मुगाबेंचे पाठीराखे ती गिळतात. १९८५ पासून शेत विकायचं तर आधी सरकारला विचारावं लागे आणि ‘सध्या आम्हाला यात रस नाही’ असा दाखला मिळाल्यावरच व्यवहार होई. असे दाखले घेऊन बऱ्याच गोऱ्यांनी स्वातंत्र्यानंतर जमिनी विकत घेतल्या होत्या. त्यांना ‘आजोबांनी लुटलेली जमीन’ म्हणून हाकलणं हे सरकारने स्वतःच्याच सहीला न ओळखण्यासारखं होतं.

‘कायदा केला आणि जमिनी घेतल्या’

क्रम उलटा आहे. आधी ताबा, मग कायदा. फेब्रुवारी २००० मध्ये नव्या राज्यघटनेचा मसुदा सार्वमतात पडला. त्यात विनाभरपाई संपादनाचं कलम होतं. पंधरवड्याच्या आत मास्विंगो प्रांतात ताबे सुरू झाले आणि देशभर पसरले. ताबेदारांना बाहेर काढा, असा आदेश मार्चमध्ये हरारेच्या उच्च न्यायालयाने दिला. पोलिसांनी हे राजकीय प्रकरण आहे म्हणून हात वर केले. एप्रिलमध्ये घटनादुरुस्ती आली: जमिनीचे पैसे ब्रिटन देईल, आम्ही फक्त सुधारणांचे, म्हणजे घर, विहिरी, बंधारे, तंबाखूच्या भट्ट्या यांचे देऊ. जुलैमध्ये झटपट जमीनवाटपाचा ‘फास्ट ट्रॅक’ कार्यक्रम. २००१ मध्ये ताबेदारांनाच बेदखलीपासून संरक्षण देणारा कायदा. २००५ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती: यादीतली शेतं थेट सरकारच्या नावे, आणि संपादनाविरुद्ध कोर्टात जायची वाटच बंद. २००६ च्या कायद्याने तर मूळ मालकाला ४५ दिवसांत जमीन आणि ९० दिवसांत घर सोडायला लावलं. नाही सोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद.

माइक कॅम्पबेल या चेगुतूच्या शेतकऱ्याने आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडच्या देशांच्या विकास समुदायाच्या न्यायाधिकरणात दाद मागितली. २८ नोव्हेंबर २००८ ला विंडहूकला निकाल त्याच्या आणि सोबतच्या ७७ अर्जदारांच्या बाजूने लागला. कोर्टाचा दरवाजा बंद केला आणि वंशावरून भेदभाव केला, असे दोन्ही ठपके सरकारवर ठेवले गेले. झिम्बाब्वेने निकाल मानला नाही, आणि २०१० मध्ये सदस्य देशांनी न्यायाधिकरणच स्थगित करून टाकलं. याला ‘जमीन सुधारणा’ म्हणणं हे सरकारी भाषेला बळी पडणं आहे. मजकूर लिहिणारा मुगाबेविरोधी असूनही नेमका तिथेच फसला.

‘सगळं चमच्यांना मिळालं’

सरकारनेच नेमलेल्या उटेटे समितीने २००३ मध्ये दिलेले आकडे पाहा. ‘ए-वन’ म्हणजे लहान वाटप: १,२७,१९२ कुटुंबं, सुमारे ४२ लाख हेक्टर. ‘ए-टू’ म्हणजे मध्यम-मोठं व्यापारी वाटप: ७,२६० जण, सुमारे २२ लाख हेक्टर. मंत्री, लष्करी अधिकारी, पक्षाचे पुढारी यांची गर्दी दुसऱ्या रांगेत. एकाच्या नावावर एकापेक्षा जास्त शेतं असल्याचं त्याच समितीने नोंदवलंय. पहिल्या रांगेत मुख्यतः गावातले, शहरातले साधे लोक. संख्येने पहिली रांग मोठी. दरडोई जमीन, बंगले आणि बंधारे मात्र दुसरीच्या वाट्याला जास्त. मजकुरातलं वाक्य निम्म्याहून कमी खरं आहे.

खरोखर रिकाम्या हाताने कोण गेलं, याचा मात्र त्यात उल्लेखही नाही: शेतमजूर. या शेतांवर तीन लाखांहून अधिक कायम आणि हंगामी मजूर होते, घरच्यांसह दहा लाखांच्या पुढे. अनेकांचे आजे-पणजे मलावी, मोझांबिक, झांबियातून आलेले, त्यामुळे गाव नाही, मुखिया नाही, वाटपात नाव नाही. २००१ च्या नागरिकत्व दुरुस्तीने त्यांतल्या बऱ्याच जणांचं नागरिकत्वही अडचणीत आलं. २००२ च्या नियमाने मालकाने जाताना मजुरांची देणी भागवायची सक्ती केली. उभं पीक दुसऱ्याच्या ताब्यात, बँक कर्ज देत नाही, आणि वर ही देणी. पैसे थकले की दारात उभे राहणारे मजूर मालकाविरुद्ध आणि ताबेदार दोघांविरुद्ध.

‘त्यांना शेती येत नव्हती’

हे सगळ्यात जास्त फिरतं आणि सगळ्यात चुकीचं आहे. १९६० मध्ये आलेलं एसआर-५२ हे मक्याचं संकरित वाण मोठ्या शेतांसाठी होतं, पण पुढे कमी दिवसांत येणारी आर-२००, आर-२०१ सारखी वाणं कमी पावसाच्या गावांत पोचली. स्वातंत्र्यानंतर सरकारी खरेदी केंद्रं आणि कर्ज तिथवर गेलं, तेव्हा लहान काळ्या शेतकऱ्यांनी ऐंशीच्या दशकात बाजारात येणाऱ्या मक्याचा जवळजवळ निम्मा भाग पिकवला. ज्यांना मका येत होता त्यांचा मका २००० नंतर का आटला? बियाण्याचा मका व्यापारी शेतांवर तयार होई, ते प्लॉट मोडले. खत मिळेना. २००१ मध्ये मका-गहू सरकारी महामंडळालाच ठरलेल्या भावाने विकायची सक्ती आली, भाव महागाईच्या मैलभर मागे. आणि २००१-०२ चा दुष्काळ याच्यावर.

आता तंबाखू, कारण खरी गोम तिथे कळते. या देशात तंबाखूचं वेळापत्रक कायद्याने बांधलेलं आहे, किडी-रोगाची साखळी तुटावी म्हणून. १ जूनच्या आधी रोपवाटिका टाकायची नाही, १ सप्टेंबरच्या आधी लावणी नाही, आणि १५ मेपर्यंत जुनी खुंटं उपटून नष्ट करायची. ज्याला मे-जूनमध्ये ९० दिवसांची नोटीस मिळाली तो वाफे टाकणारच नाही. म्हणजे एक नोटीस, अख्खा हंगाम बाद. दुसरं, पैसा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खत, कोळसा, मजुरी यांसाठी बँक हंगामी कर्ज देई, तारण जमिनीचा मालकी दस्त. वसुली तंबाखूच्या लिलाव केंद्रावरच वजावटीने होई. ऊसबिलातून सोसायटीची कपात होते, अगदी तसंच. शेत यादीत आलं की त्या दस्ताची किंमत रद्दीची.

तिसरं, भट्टी. पान तोडून आणल्यावर सहा-सात दिवस कोरड्या उष्णतेत पिकवावं लागतं. आधी ३५ ते ४० अंशांवर ओल राखून पान पिवळं होऊ द्यायचं, मग हळूहळू पन्नाशीपर्यंत नेऊन पातं सुकवायचं, शेवटी सत्तरच्या आसपास मधली शीर. घाई केली तर हिरवटपणा पानात कायमचा बसतो. पातं सुकत असताना जाळ विझला तर पान काळपट पडतं. दोन्हीकडे प्रत उतरते. जुनी कोळशाची भट्टी मोठ्या लागवडीसाठी बांधलेली, एक-दोन हेक्टरवाल्याला ती पेटवणं परवडेना. त्याने मातीविटांची छोटी भट्टी बांधली आणि लाकूड जाळलं. ज्ञान आलं, पण जंगलाच्या जिवावर. मुळात मोठ्या शेतांवर भट्टीची राखण रात्रभर जागून करणारे हात काळेच होते.

गव्हाची गोष्ट आणखी वेगळी. तो तिथे कोरड्या हिवाळ्यात, पूर्ण ओलिताखाली. पेरणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात झाली नाही तर उतारा घटतो आणि काढणी ऑक्टोबरअखेरच्या पावसात सापडते. एका धरणावर, एका पंपावर चाललेलं शेत चाळीस तुकड्यांत वाटलं की वीजबिल कोणी भरायचं, हा प्रश्न उरतो. बिल थकलं, वीज तुटली, पुढे रोहित्राचं तेल आणि तांब्याच्या तारा चोरीला. हे कौशल्याचं अपयश नाही. पाणीवापर संस्था न बनवता पाइपलाइन वाटली की आपल्याकडच्या उपसा योजनांचंही हेच होतं.

‘शेती कायमची मेली’

२००० मध्ये तंबाखू सुमारे २३.७ कोटी किलो होता. २००८ मध्ये पाच कोटींच्याही खाली. इथपर्यंत मजकूर बरोबर, आणि इथेच तो थांबतो. २०१९ मध्ये २५.९ कोटी किलो, २०२३ मध्ये २९.६ कोटी, म्हणजे जुन्या दिवसांपेक्षा जास्त. नोंदणीकृत उत्पादक लाखाच्या पुढे, बहुतेक लहान. २०२१ च्या हंगामात मका सुमारे २७ लाख टन झाला. २०२२ मध्ये गहू पावणेचार लाख टनांच्या घरात, तोवरचा विक्रम. लगेच ढोल वाजवायला नकोत: २०२४ मध्ये एल निनोच्या दुष्काळाने मका पुन्हा झोपला आणि राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली.

तंबाखू कशाने उठला ते मात्र महत्त्वाचं. मालकी दस्त परत आला नव्हता, त्याची जागा कराराने घेतली. कंपनी बियाणं, खत, औषध उधार देते, पान तिलाच घालायचं, वजावट तिथेच. आज नव्वद टक्क्यांहून जास्त पीक असं विकलं जातं. भाव कंपनीच्या प्रतवारीवर, खताचा दर बाजारापेक्षा चढा, म्हणून काही शेतकरी थोडा माल दुसऱ्याच्या नावावर गुपचूप विकतात, आणि पुढच्या वर्षी कंपनी खत आखडते. ज्या पिकांना असा खरेदीदार नाही ती अजून चाचपडत आहेत. २००६ पासून दिलेले ९९ वर्षांचे भाडेपट्टे बँकांनी तारण म्हणून धरले नाहीत. सरकार रद्द करू शकतं आणि परस्पर विकता येत नाही, अशा कागदावर कोण पैसे देईल? हस्तांतरणीय मालकी दस्त वाटायला सुरुवात झाली ती डिसेंबर २०२४ मध्ये. चोवीस वर्षं.

‘भरपाई दिली’

जुलै २०२० मध्ये ३५० कोटी अमेरिकी डॉलरचा करार झाला. तो फक्त सुधारणांसाठी, जमिनीसाठी नाही. कारण २०१३ च्या घटनेचं कलम २९५ जमिनीची किंमत देतं ती देशी, म्हणजे काळ्या, मालकांना आणि ज्यांच्या देशाशी गुंतवणूक-संरक्षण करार आहे त्यांना. ठरलेल्या मुदतीत पैसे आलेच नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पहिला हप्ता निघाला: ३७८ शेतांचे मिळून ठरले ३१.१ कोटी डॉलर, रोख दिले एक टक्का, ३१ लाख. उरलेले २ टक्के व्याजाचे सरकारी रोखे, काही दहा वर्षांनी वटणारे. बेदखल झाला तेव्हा पन्नाशीत असलेल्या शेतकऱ्याला दहा वर्षांचा रोखा म्हणजे काय, हे त्याने ठरवावं.

‘दक्षिण आफ्रिका त्याच वाटेवर’

दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी जानेवारी २०२५ मध्ये सही केलेला संपादन कायदा शून्य भरपाईला जागा देतो, हे खरं. पण सार्वजनिक हितासाठी, ‘न्याय्य आणि समतोल’ या कसोटीवर, आणि उदाहरणं दिली आहेत ती पडीक ठेवून नुसत्या भाववाढीची वाट पाहणाऱ्या, टाकून दिलेल्या किंवा सरकारने बाजारभावाइतका पैसा ओतलेल्या जमिनीची. वाद झाला तर रक्कम कोर्ट ठरवतं. झिम्बाब्वेत तो दरवाजाच काढून टाकला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या व्यापारी शेतकऱ्याची रोजची डोकेदुखी निराळी आहे: रातोरात पडलेल्या झोपड्या. १९९८ च्या कायद्याप्रमाणे झोपडी उभी राहिली, माणूस राहू लागला, की कोर्टाच्या आदेशाशिवाय हात लावता येत नाही, आणि सहा महिन्यांच्या पुढे वस्ती झाली तर पर्यायी जागेचा प्रश्नही कोर्ट विचारात घेतं. म्हणून तिथले शेतकरी कुंपणाची फेरी रोज घालतात आणि पहिली खुंटी दिसताच वकिलाला फोन करतात.

‘कुळकायदा त्याचाच भाऊ’

१ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, पश्चिम महाराष्ट्रात जमीन मिळाली ती आधीच कसणाऱ्या कुळाला, त्याच तुकड्यावर. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवायची, साध्या कुळासाठी आकाराच्या (म्हणजे शेतसाऱ्याच्या) २० ते २०० पट, हप्त्यांनी. पैसे फिटले की ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र, त्यावरून सातबाऱ्याला नाव. मालकाला मिळालेली रक्कम फार थोडी होती, विधवांच्या आणि लहान मालकांच्या जमिनी गेल्या, त्या तक्रारीत तथ्य आहे. साम्यच शोधायचं तर ते खाजगी साखर कारखान्यांच्या मळ्यांत सापडेल. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने ते सरकारजमा झाले, तुकडे न करता शेती महामंडळाकडे गेले, आणि मूळ खंडकऱ्यांना, म्हणजे कारखान्यांना जमीन खंडाने देणाऱ्या शेतकऱ्यांना, जमीन परत मिळेपर्यंत अर्धं शतक उलटलं.

कुळाच्या जमिनीवर कलम ४३ ची नवी शर्त होती, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. पण त्याच कलमात सहकारी सोसायटीकडे गहाण टाकायला सूट होती, म्हणून त्या जमिनीवर कर्ज निघू शकत होतं.