डोळ्यांचे डॉक्टर चष्मा लावतात, म्हणून लेझर वाईट?

सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. लेझर करून चष्मा घालवणारा प्रत्येक माणूस म्हणजे माझं हातचं गेलेलं गिऱ्हाईक. लेझरची तळी उचलून माझा काही फायदा नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण गल्लीच्या, भजनी मंडळाच्या, दहावीच्या बॅचच्या अशा सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय आणि लोक तो उघडून मोबाइल काउंटरवर ठेवतात. "हे खरं आहे काय हो?"

मेसेज थोडक्यात असा: डोळ्यांचे डॉक्टर स्वतः चष्मा लावतात, यातच काय ते समजा. लेझर डोळ्याचा पडदा जाळतं, दहा-पंधरा वर्षांत दिसायचं बंद होतं. नंबर परत येतोच. पुढं मोतीबिंदू झाला तर ऑपरेशन करता येत नाही. त्यापेक्षा गाजराचा रस प्या, त्राटक करा, तीन महिन्यांत नंबर शून्य.

डॉक्टरांच्या चष्म्याचं आधी उरकू. तुम्ही बघता ते बहुतेक डॉक्टर चाळिशीपुढचे असतात आणि त्यांचा चष्मा वाचायचा, जवळचा असतो. काहींचा कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर) लेझरला पुरेल इतका जाड नसतो, काहींना चष्म्याचा त्रासच वाटत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात तर उलटंच दिसलं: लेझर शस्त्रक्रिया करणारे आणि ज्यांचे डोळे तिला योग्य होते असे जे सर्जन होते, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांनी ती स्वतःवर करून घेतली होती. ज्यांनी करून घेतली त्यांच्या नाकावर चष्मा नाही, म्हणून ते मेसेज लिहिणाऱ्याला दिसले नाहीत.

पडदा जाळण्याची गोष्ट मात्र नीट उलगडायला हवी, कारण ती भीती हवेतून आलेली नाही. आपल्याकडं डोळ्याच्या कुठल्याही मशिनी उपचाराला सरसकट 'लेझर' म्हणतात. शुगर पडद्यापर्यंत पोहोचली की पडद्यावर मारतात ते लेझर वेगळं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आलेली जाळी काढायचं वेगळं. आणि चष्म्याचा नंबर घालवायचं तिसरंच. घरात आजोबांनी शुगरसाठी 'लेझर मारून घेतलं' आणि तरी दोन वर्षांत नजर गेली, असं बघितलेला माणूस घाबरणारच. पण आजोबांची नजर शुगरनं गेली. लेझर ती वाचवायला मारलं होतं, बहुतेक वेळा उशिरा.

नंबर काढणारं लेझर डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक थरावर, म्हणजे कॉर्नियावर काम करतं. त्याचा किरण १९३ नॅनोमीटरचा, अतिनील. तो कॉर्नियाच्या वरच्या थरातच शोषला जातो, मागं पडद्यापर्यंत जातच नाही. तो जाळतही नाही, रेणूंचे बंध तोडून थर उडवतो. हा गुण ज्यांच्या लक्षात आला त्यांतले एक मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन. १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर हा किरण सोडला, तर आजूबाजूला काहीही न करपता स्वच्छ खाच पडली. पुढं डोळ्याच्या डॉक्टरांनी ते उचललं आणि १९९५ साली अमेरिकेत या लेझरनं नंबर काढायला परवानगी मिळाली. दहा-पंधरा वर्षांत दिसायचं बंद होत असतं, तर एव्हाना जगभर आंधळ्यांची रांग लागली असती.

आता मेसेजवाल्याला जे सुचलंच नाही ते. घाबरायचं असेल तर इथं घाबरा.

कॉर्निया साधारण अर्धा मिलिमीटर जाड, समजा ५४० मायक्रॉन. लॅसिकमध्ये, म्हणजे नंबर काढायच्या नेहमीच्या लेझर पद्धतीत, वरचा सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात, तो फ्लॅप. मग प्रत्येक नंबरामागं ढोबळमानानं १२ ते १५ मायक्रॉन उडवतात. उणे पाचला सत्तर धरा. खाली ३६० उरले, ठीक. आता कॉर्निया ४८०चा आणि नंबर उणे नऊ धरा: खाली २५०सुद्धा उरत नाहीत. डॉक्टर किमान २५०, आणि हल्ली ३०० शिल्लक ठेवायला बघतात. त्याहून पातळ झाला तर डोळ्याच्या आतल्या दाबानं कॉर्निया पुढं फुगायची भीती. शिवाय काहींचा कॉर्निया मुळातच कमकुवत, शंकूसारखा व्हायला लागलेला असतो. डोळे सतत चोळणाऱ्यांत हे जास्त. ते टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढतात त्या तपासणीत, दिसतं, म्हणून ती तपासणी झाल्याशिवाय तारीख देणाऱ्याकडं ऑपरेशन करू नका. आणि तपासणीआधी सॉफ्ट लेन्स निदान आठवडाभर बंद ठेवा, नाहीतर मापंच चुकतात. "तुमच्या डोळ्याला जमणार नाही" असं सांगून चष्म्याकडं परत पाठवणारा डॉक्टर मला तरी आवडतो. (हो, धंद्याच्याही दृष्टीनं.)

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, म्हणून डोळा काही महिने कोरडा पडतो. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) केलेल्या अभ्यासात, आधी काहीच त्रास नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी कोरडेपणा जाणवत होता. दिसण्याची कसलीच तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना दिव्याभोवती वलय, चकाकी असं काहीतरी नव्यानं दिसू लागलं होतं. त्यामुळं रोजची कामं फार अवघड झाली म्हणणारे एक टक्क्याहून कमी, आणि नजरेवर समाधानी असणारे ९५ टक्क्यांहून जास्त. हे सगळे आकडे एकाच वेळी खरे आहेत. जाहिरात शेवटचा तेवढा सांगते.

म्हणून तुमचं काम काय, हे आधी बघा. हळद बाजारात दिवसभर पोत्यांच्या धुरळ्यात उभा राहणारा, विट्याकडचा भट्टीपुढं बसून सोनं-चांदी गाळणारा गलाईवाला, रात्री हायवेला ट्रक चालवणारा यांना कोरडेपणा आणि चकाकी यांचा हिशेब बँकेतल्या माणसापेक्षा वेगळा पडतो. आणि तालमीतल्या पोरांनी फ्लॅप हा शब्द विसरू नये. तो पापुद्रा चिकटतो, पण पूर्वीइतका पक्का कधीच होत नाही. डोळ्यावर जोराचा मार बसून वर्षांनंतर तो सरकल्याच्या नोंदी आहेत. कुंडलच्या कुस्ती मैदानात उतरायचं असेल तर डॉक्टरला तसं सांगा. फ्लॅप न करता वरून करायची पीआरके पद्धत आहे, तीत पहिले तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो आणि नजर बसायला वेळ लागतो, पण सरकायला काही राहत नाही. भरतीच्या पोरांसाठी एक: सैन्यात काही प्रवेशांना लेझर चालतं, काहींना नाही, आणि चालतं तिथंही वय, ऑपरेशनला लोटलेला काळ, कॉर्नियाची जाडी अशा अटी असतात. "केलेलं कळत नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, टोपोग्राफीत लगेच कळतं.

नंबर परत येतो का? अठराच्या आत किंवा नंबर अजून वाढत असताना घाई केली तर येणारच, कारण डोळा वाढायचा थांबलेला नसतो. वर्षभर नंबर स्थिर असल्याची खात्री त्यासाठीच करतात. तरीही काहींना थोडा नंबर परत येतो. चाळिशीनंतर येतो तो चष्मा मात्र वेगळा: डोळ्याच्या आतलं भिंग ताठर होतं, त्याला कॉर्नियावरचं लेझर अडवू शकत नाही. इथं एक तोटा कुणी सांगत नाही. उणे दोनवाला माणूस पन्नाशीतही चष्मा काढून पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो. लेझर केलं की ती सोय गेली. चव्वेचाळीस वर्षांचा सोनार किंवा शिंपी लेझरचा विचार करत असेल, तर मी त्याला हे दोनदा सांगतो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन लेझरनंतर बिनदिक्कत होतं. अडचण आत बसवायच्या भिंगाच्या नंबराची असते. कॉर्नियाचा आकार बदललेला असल्यानं नेहमीचं गणित चुकतं. त्यासाठी वेगळी सूत्रं आहेत आणि जुनी मापं हाताशी असली तर काम सोपं होतं. म्हणून ऑपरेशनआधीची फाइल मागून घ्या, फोटो काढा, घरच्यांना पाठवा. काचबिंदूसाठी दाब मोजतानाही लेझर झाल्याचं सांगा, कारण पातळ कॉर्नियावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. आणि मोठा उणे नंबर होता त्यांनी पडद्याची तपासणी सोडायची नाही. चष्मा गेला तरी डोळा लांबचा लांबच आहे, पडदा सुटायचा धोका तसाच राहतो.

राहिलं गाजर. अ जीवनसत्त्व कमी असेल तर रातांधळेपणा येतो, त्यावर गाजर, पालेभाज्या उपयोगी. उणे नंबर बहुधा डोळा लांब झाल्यामुळं येतो, एक मिलिमीटर लांबीला सुमारे तीन नंबर. रस पिऊन किंवा दिव्याकडं टक लावून ती लांबी घटत नाही. "माझा उतरला" म्हणणारे डोळे बारीक करून बोर्ड वाचतात. मोठ्यांनी रस प्यावा, बिघडत काही नाही. पण हा मेसेज वाचून आईबाप लहान पोरांचे चष्मे काढून ठेवतात. एका डोळ्याला जास्त नंबर असलेल्या पोराचा चष्मा काढला तर मेंदू तो डोळा वापरायचाच सोडतो. सात-आठ वर्षांच्या आत इलाज केला तर तो सुधारायची चांगली आशा असते, पुढं ती कमी होत जाते, आणि मोठेपणी त्यावर लेझरही चालत नाही. पोरांना रोज तास-दोन तास उजेडात खेळायला सोडा, नंबर लागायचं प्रमाण त्यानं घटतं, हे सिद्ध झालंय. पण चष्मा डोळ्यावर राहू द्या.