बुळकांडी गेली, मग खुरकूत का जात नाही?

रविवारी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर अण्णा आले तेच तापलेले. त्यांच्या चुलतभावाचा भिवंडीकडे तबेला आहे. गुरांच्या तोंडाला-खुरांना फोड आणणाऱ्या लाळ्या-खुरकूतची लस टोचली की दोन दिवस दूध घटतं, ही त्याची तक्रार. "दर सहा महिन्यांनी सुई. रोग जातोय कुठे?"

"अण्णा, बुळकांडी आठवते? गुरांचा तो जीवघेणा रोग?" मी विचारलं.

ऐकून आठवत होती. त्यांच्या आजोबांची अख्खी दावण एका पावसाळ्यात रिकामी झाली होती.

"ती गेली ना? २०११ मध्ये जगातून गेली. देवीनंतर माणसाने मुळासकट संपवलेला हा दुसराच रोग."

"लशीने गेली," पक्या म्हणाला.

नुसत्या लशीने नाही, आणि मला हेच सांगायचं होतं. भारतात शेवटची लागण १९९५ ची. पण रोग गेला हे सिद्ध करायला लस बंद करावी लागली, कारण रक्तात सापडलेली प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) लशीची की रोगाची, हे ओळखता येत नव्हतं. टोचलेलं नाही अशा जनावरांचे नमुने तपासत राहायचं, संशय आला की गाव गाठायचं. असं करत २००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला. ज्या पशुवैद्यांनी हे केलं त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

"मग खुरकूतचं घोडं कुठे अडलं?"

बुळकांडीची लस एकदा टोचली की जन्माची निश्चिंती. खुरकूतच्या विषाणूचे सात प्रकार, एकाची लस दुसऱ्याला चालत नाही, आणि तिचा जोर काही महिन्यांत ओसरतो. बऱ्या झालेल्या म्हशीच्या घशातही विषाणू महिनोन्‌महिने राहू शकतो. केंद्राने २०१९ मध्ये देशभर मोफत लसीकरण सुरू केलं, २०३० पर्यंत रोग संपवायचा म्हणून. पण एका तबेल्याने सुई चुकवली, तर शेजारच्या दहांची मेहनत पाण्यात.

पक्या म्हणाला, "आणि हरियाणा-गुजरातहून ट्रक भरून म्हशी येतात, त्यांचं काय?" मुद्दा बरोबर होता. नवी म्हैस आली की आधी वेगळी बांधायची, पण मुंबईच्या आसपास तेवढी जागा कुणाकडे आहे?

अण्णांचा राग मात्र वेगळाच निघाला. "कळवलं की मारून टाकतात. शहापूरला वेहळोलीत कोंबड्या मारल्या की नाही?"

मारल्या, २०२२ मध्ये. पण तो बर्ड फ्लू होता, आणि त्यात सरकार भरपाई देतं. ती हातात वेळेवर पडलीच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी कोण तोंड उघडेल? खुरकूतमध्ये आपल्याकडे म्हशी मारत नाहीत. आजारी जनावर बाजूला बांधतात, आजूबाजूच्यांना टोचतात. शिवाय जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठीच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे मालकाने कळवणं बंधनकारकच आहे.

अण्णा चहा धरून गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "परवा नवी आणलेली एक म्हैस चारा सोडून उभी आहे. तोंडातून लाळेची तार लागलीये, मागचा पाय सारखा झटकते."

पक्याने त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला. "अण्णा, आधी भावाला फोन लावा. ती वेगळी बांधायला सांगा, मग दवाखान्यात कळवू."