चौघांची खानावळ

आमच्या घरी मिरीची निम्मी बरणी संपायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मुलगा तिसरीतून पाचवीत जातो. हा अंदाज नाही, अनुभव आहे. बरणी आणली तेव्हा तो तिसरीत होता, आता पाचवीत आहे आणि मिरी अजून निम्म्यावर आहेत. दालचिनीचं मी बोलत नाही. ती त्याच्या लग्नातल्या मसालेभातालाही पुरून उरेल.

न्यू जर्सीतला मराठी माणूस शनिवारी सापडत नसेल तर दोनच ठिकाणी शोधायचा: ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत, नाहीतर गोदामात. गोदाम म्हणजे वर्षाची वर्गणी भरली की आत सोडतात ते दुकान. कॉस्टको, सॅम्स क्लब आणि बीजेज ही त्यातली तीन मोठी घराणी. आमचं त्यातलं कुठलं ते सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात दुकानाचा काडीचाही दोष नाही. घरात आम्ही त्याला नुसतं 'गोदाम' म्हणतो.

यंदा मे महिन्यात सांगलीहून आई आली. तिला 'अमेरिकेतली स्वस्ताई' दाखवावी म्हणून पहिल्याच शनिवारी तिला तिकडे घेऊन निघालो. गाडीतच पहिली चकमक झडली.

"दुकानात शिरायला पैसे?"

"अगं, वर्षातून एकदाच. कॉस्टकोचंच बघ, 65 डॉलर. आणि वरच्या वर्गाची वर्गणी घेतली, 130 ची, तर वर्षभराच्या खरेदीवर दोन टक्के परत मिळतात."

मागच्या सीटवरून बायकोनं, न विचारता, हिशेब सांगितला. "म्हणजे जास्तीचे 65 वसूल व्हायला सव्वातीन हजारांची खरेदी करायची. आई, तुमचा मुलगा दरवर्षी नेमानं करतो."

"गणपती पेठेतला शेठ वर्गणी घेत नाही," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उलट चहा पाजतो."

दारातच कार्ड दाखवावं लागतं. ते दाखवून आम्ही आत गेलो आणि आई थबकली. छतापर्यंत माल, लाकडी फळ्यांवर जसाच्या तसा रचलेला. कुठली वस्तू कुठल्या ओळीत ते सांगणारी पाटी नाही. गेल्या महिन्यात जिथे टॉवेल होते तिथे आज कयाक. आपण शोधत शोधत सगळ्या ओळी फिरावं, अशीच ही रचना आहे. मी दुधासाठी जातो आणि दुधापर्यंत पोचेतो ढकलगाडीत एक तंबू, मोज्यांच्या बारा जोड्या आणि बागेत लावायचे सौरदिवे आलेले असतात. आमच्याकडे बाग नाही. जिन्यापाशी एक कुंडी आहे, ती रात्री विमानतळासारखी उजळते.

आईला मात्र एक गोष्ट लगेच आवडली. "मीठ एकाच प्रकारचं आहे. बरं केलं." आणि खरोखरच गोम तिथंच आहे. नेहमीच्या सुपरमार्केटात तीस-तीस हजार प्रकारचा माल असतो, कॉस्टकोत साधारण चार हजार. थोडक्याच वस्तू, पण ढिगानं घेतल्या की भाव पाडून मिळतो. नफाही बेतानं लावतात, कारण खरी मिळकत त्या वर्गणीतून होते. हे मी आईला मोठ्या उत्साहानं समजावत होतो, तेवढ्यात तिला मेयॉनेजची बादली दिसली. बरणी नव्हे, बादली. कडीची.

"हे काय?"

"ते आपलं... पावाला लावायचं असतं."

"घरात माणसं किती?"

"चार. तू धरून."

"मग खानावळ कधी काढलीस? बोलला नाहीस."

गंमत म्हणजे ती नेमकं बोलली. हे सगळं प्रकरण मुळात घरगुती गिऱ्हाइकासाठी नव्हतंच. 1976 मध्ये सोल प्राइस नावाच्या गृहस्थानं सॅन डिएगोत विमानांच्या जुन्या हँगरमध्ये 'प्राइस क्लब' काढला, तो छोट्या धंदेवाल्यांसाठी. मग 1983 मध्ये तिकडे सिएटलला कॉस्टको आणि ओक्लाहोमात सॅम्स क्लब सुरू झाले, आणि 1993 मध्ये प्राइस क्लब कॉस्टकोत विलीन झाला. दरम्यान आमच्यासारख्या घरगुती माणसांना दारं उघडली, माप तेवढं धंद्याचंच राहिलं. चाळीस माणसांच्या पंगतीला बेतलेली बादली मी चौघांच्या फ्रिजमध्ये तिरकी करून बसवत आलो आहे, इतकंच.

शनिवार म्हणजे आईचा उपास. आणि गोदामात शनिवार म्हणजे चव बघायला देण्याचा दिवस. दर दोन ओळींआड टेबल मांडून, डोक्याला जाळी लावलेल्या बायका कागदी वाट्यांतून काही ना काही वाटत असतात. आई प्रत्येक टेबलापाशी थांबायची, मला दुभाषा करून "अंडं आहे का?" विचारायची, नाही म्हटलं की वाटी घ्यायची, कागदी रुमालात गुंडाळायची आणि पर्समध्ये ठेवायची. "उद्या खाईन. ती एवढी प्रेमानं देते." बाहेर पडेपर्यंत पर्समध्ये सात वाट्या झाल्या होत्या. त्यातली एक सूपची होती, हे आम्हाला गाडीत कळलं.

त्याआधी दारातली तपासणी. पैसे चुकते करून झाल्यावरही दाराशी एक माणूस पावती मागतो, ढकलगाडीतल्या मालावर नजर फिरवतो आणि पावतीवर पेनानं रेघ मारतो. आईचा चेहरा उतरला. "आपण चोर वाटलो का रे त्याला?" मी सांगितलं की तसं नाही, कधी आपल्याकडूनही दोनदा पैसे घेतलेले असतात, तेही तो बघतो. मग ती पुढच्या खेपेपासून स्वतःच पावती उघडून त्याच्यापुढे धरू लागली आणि तो नुसतंच बघून सोडायला लागला की, "नीट मोज म्हणावं त्याला," असं मला सांगायची.

घरी आल्यावर माल लावायला दीड तास लागला. मी गॅरेजात एक डीप फ्रीझर घेऊन ठेवला आहे, स्वस्तात घेतलेल्या वस्तू ठेवायला. त्याच्या शेजारी फडताळं आहेत, फडताळात न मावणाऱ्या वस्तू ठेवायला. त्यामुळे गाडी बाहेर असते. जानेवारीत तिच्यावर हातभर बर्फ बसतो आणि मी सकाळी सहाला फावडं घेऊन, चाळीस सेंट वाचवलेल्या टिश्यूपेपराकडे बघत, बर्फ उपसतो. आईनं गॅरेजचं दार उघडलं, टॉयलेट पेपरच्या त्या तटबंदीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "पोटं बरी आहेत ना सगळ्यांची?"

आता खरं सांगायचं तर घाऊक खरेदीचं शिक्षण मी आईला द्यायला निघालो होतो हेच हास्यास्पद होतं. वर्षाची बेगमी करणाऱ्या घरात माझा जन्म. एप्रिल-मेमध्ये पोत्यानं गहू यायचा, तो गच्चीवर वाळायचा, त्याला एरंडेल चोळून कोठीत भरायचा. तांदळाला बोरिक पावडर. डाळीत बिब्बे. तिखट वर्षाचं, बरणीत मध्ये हिंगाचे खडे घालून. चिंच मीठ लावून गोळे करून. आमच्या दोन खोल्यांच्या घरात बारा महिन्यांचं धान्य मावत होतं आणि वर्षाअखेर एकही टोका निघत नसे. इथे तीन बेडरूम, गॅरेज, फ्रीझर, आणि दर गुरुवारी मी कुजका पालक टाकून येतो.

तो पालक आईच्या डोळ्यांवर आला. मोठा प्लास्टिकचा डबा, भाव अर्धा. दोन दिवस डाळपालक, तिसऱ्या दिवशी पराठे, चौथ्या दिवशी मुलानं जेवताना "आज हिरवं आहे का?" असं दारातूनच विचारलं, पाचव्या दिवशी डब्याच्या तळाशी शेवाळ. तेव्हा आई एवढंच म्हणाली, "बेगमी कशाची करतात? जे वाळतं, खारतं किंवा मुरतं त्याची. पालक त्यातलं काय करतो?" त्या दिवसापासून गोदामातल्या प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून ती हे तीन प्रश्न विचारू लागली. चार पौंड स्ट्रॉबेऱ्या मी खाली ठेवायला निघालो, तर तिनंच परत उचलल्या. त्या मुरतात. संध्याकाळी लवंग घालून साखरांबा झाला आणि तो इतका चांगला झाला, की पुढच्या आठवड्यात आणखी चार पौंड आणाव्या लागल्या. म्हणजे वाचवलेले पैसे पुन्हा तिथंच गेले, पण पोळीला लागून गेले.

बदाम, अक्रोड, कपडे धुण्याची पावडर, कचऱ्याच्या पिशव्या, बॅटरीचे सेल हे सगळं तिनं पास केलं. मसाले, डाळी, पोहे नापास: त्यांना ओक ट्री रोडच बरा. तिला भावाच्या पाट्यांचाही नाद लागला. कॉस्टकोच्या पाटीचं शास्त्र जाणकार सांगतात: शेवटी 99 सेंट असतील तर नेहमीचा भाव, 97 असतील तर माल काढून टाकायचा भाव, आणि कोपऱ्यात चांदणी असेल तर तो माल पुन्हा येणार नाही. आईनं हे पंचांगासारखं पाठ केलं. चांदणी दिसली की मी आपोआप हात पुढे करायचो. ती हात धरायची. "पुन्हा येणार नाही म्हणजे लोकांना नको आहे."

तिचा खरा जीव जडला लोण्यावर. चार पौंडांचं खोकं, बिनमिठाचं. इथली निम्मी मराठी घरं याचंच तूप कढवतात. दुसऱ्या खेपेला आणायला मी एकटा गेलो. दोन्ही खोकी दिसायला सारखी, चष्मा गाडीत. आईनं सोळाच्या सोळा कांड्यांचे कागद सोलले, प्रत्येक कागद चमच्याच्या पाठीनं निपटला, जाड बुडाच्या पातेल्यात लोणी मंद आचेवर ठेवलं आणि स्टूल ओढून बसली. फेस आला, फेस विरला, तडतड हळूहळू मंदावली, तळ दिसेल असं सोनेरी पाणी झालं, तेव्हा तिनं विड्याचं पान आत सोडलं. ते चुरचुरून कुरकुरीत झालं. गॅस बंद. सगळं घर सांगलीचं झालं. मुलगा तळाची बेरी खायला साखरेचा डबा घेऊन धावत आला, पहिला घास घेतला आणि त्याचं तोंड समुद्रात पडल्यासारखं झालं. मीठ सगळं बेरीत उतरलं होतं. तूप वाचलं. आईनं खोक्यावरची अक्षरं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली, बेरी थालिपिठाच्या पिठात ढकलली आणि पिठात मीठ घातलं नाही.

जुलैत वाटणी सुरू झाली. आमच्या वसाहतीत तीन मराठी घरं आहेत. आईनं तिघांची मोट बांधली: खरेदी एकानं करायची, माल आमच्या गॅरेजात वाटायचा. ती उलट्या खोक्यावर बसायची, पुढ्यात स्वयंपाकघरातला वजनकाटा. बदाम एकेक पौंड, सरळ. साठ अंडी, वीस-वीस, तीही सरळ. ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या मात्र दोन आणि घरं तीन. त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली आणि शेवटी भिशीसारख्या चिठ्ठ्या पडल्या. चिठ्ठी आमची निघाली नाही. गोदाम माझ्या वर्गणीवर, पेट्रोल माझं, गॅरेज माझं, आणि ऑलिव्ह तेल पुढच्या महिन्यात. वहीत मात्र सगळं लिहिलेलं होतं, आणि तीन महिन्यांत मी पालक टाकायला एकदाही गेलो नाही हेही खरं.

राहिली ती बरणी. पहिल्याच फेरीत आईला ती दिसली होती. चौकोनी, पारदर्शक, हात कोपरापर्यंत जाईल एवढं तोंड, लाल फिरकीचं झाकण. आत पीनट बटर भरलेले प्रेट्झेल, म्हणजे खारी कडक बिस्किटं. आतल्या पदार्थाशी तिला कर्तव्य नव्हतं. तिनं बरणी वितीनं मोजली, झाकण फिरवून बघितलं, आणि विचारलं, "रिकामी देतात का?"

देत नाहीत म्हटल्यावर तो विषय संपला असं मला वाटलं. ऑक्टोबरात तिच्या बॅगा भरताना तो परत निघाला. मी म्हटलं, बदाम ने, अक्रोड ने, व्हिटॅमिनच्या गोळ्या ने, सगळे तेच नेतात. ती म्हणाली, "बदाम सांगलीत मिळतात. ती बरणी मिळत नाही. एक माझी, एक तुझ्या मावशीची." तेवीस किलोंच्या बॅगेत अगोदरच तुपाचे दोन डबे होते, त्यामुळे भरलेल्या बरण्या नेण्याचा प्रश्नच नव्हता.

विमान सोमवारी. दोन बरण्या आल्या शुक्रवारी. आमच्या घरात प्रेट्झेल कुणालाच आवडत नाहीत. वाटणीतल्या दोन्ही घरांनी, इतर वेळी एकेका अंड्यासाठी भांडणाऱ्या, हात जोडले. पिशव्यांत काढून ठेवू या असं मी सुचवलं, तर बायको म्हणाली, "ठेव. म्हणजे दालचिनीशेजारी पुढची दोन वर्षं हेही." तिचं बरोबर होतं. शनिवारी न्याहारीला प्रेट्झेल. दुपारी तिनं कुटून, कांदा-कोथिंबीर घालून भेळ केली. मुलाच्या शाळेतल्या मित्रांना घरी बोलावलं, ते पिझ्झा मागून गेले.

रविवारी रात्री साडेदहा वाजता आम्ही तिघं टीव्हीसमोर बसून एकमेकांकडे न बघता चावत होतो. पहिली बरणी धुऊन ओट्यावर पालथी घातली होती. मुलाचं तोंड भरलेलं, बायकोनं पाण्याचा तांब्याच जवळ घेतलेला. आतल्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा.

"दुसरी कुठवर आली रे?"