सगळी दालनं दाखवायची घाई कशाला?

‘शाळेच्या सहलीत दोन तासांत सगळी दालनं बघून व्हावीत’ हे विज्ञान केंद्रांच्या सहलींवरच्या लेखातलं मत अजिबात पटलं नाही. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या मराठी शाळा धारवाडच्या नाहीतर पणजीच्या विज्ञान केंद्रात सहल नेतात. निम्मा दिवस गाडीतच जातो. मागच्या सहलीत सातवीतली एक मुलगी हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूपाशी अडून बसली. झोत तिरका केला तरी चेंडू पडेना! हात आडवा घातला, चेंडू पडला, पुन्हा ठेवला. ‘वाराच धरून ठेवलाय की ओ सर त्याला!’ अगदी बरोबर. चेंडूला लगटून वळणारी हवाच त्याला झोतात ओढते. तेवढ्यात ‘चला, पुढं चला’ सुरू झालं.

तीनच प्रयोग ठेवा, पण मुलांच्या हातात द्या. आणि समजावणारं कुणी मराठी बोलणारं असावं. आमच्या मुलांना कानडी समजतं, पण त्यात प्रश्न विचारायला ती बुजतात.